सेव्ह केलेली यादी गेली कुठे?

चकलांब्यात संगणकाचं दुकान चालवायचं म्हणजे दोन दुखणी ठरलेली: पेनड्राइव्हमधून येणारे व्हायरस आणि केव्हाही जाणारी लाइट. विंडोज एक्सपीच्या काळात पहिल्यावर मला उपाय सापडला. मायक्रोसॉफ्टचं ‘स्टेडीस्टेट’, तेही फुकट. त्यातलं डिस्क संरक्षण चालू केलं की सी ड्राइव्हवरचे सगळे बदल एका वेगळ्या फाइलीत साठायचे. संगणक रीस्टार्ट झाला की ते पुसले जायचे आणि ड्राइव्ह होता तसा. सारखं फॉरमॅट मारणं थांबलं. लाइट गेली तरी रीस्टार्टच होतो, याचा मात्र मी विचार केला नाही.

दिवाळीच्या तोंडावर एक मुकादम आले. ऊसतोडीच्या टोळीची यादी करायची होती: कोयता (तोडणारं जोडपं) कोणत्या गावचा, नवरा-बायकोची नावं, उचल किती दिली. त्यांच्या पुतण्यानं वहीत बघून सगळं एक्सेलमध्ये भरलं, मधूनमधून सेव्ह केलं, डेस्कटॉपवर. तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी उतरलेली, ती बदलायचं मी टाळत आलो होतो. लाइट आली तेव्हा फाइल नव्हती.

“दादा, मी सेव्ह केलं होतं,” तो परत परत सांगत होता, आणि ते खरं होतं. डेस्कटॉप सी ड्राइव्हवर असतो. डी ड्राइव्हला हे संरक्षण नव्हतं, तिथं फाइल टिकली असती. मला हे माहीत होतं, त्याला सांगितलं नव्हतं. वर “लाइटीमुळं गेली” म्हणून मी हात झटकले. यादी जाण्यापेक्षा हे खोटं बोलणं वाईट होतं.

आणखीही चुका झाल्या. अपडेट कायम राहावेत म्हणून त्यांची वेळ लावून द्यायची सोय होती, ती मी लावलीच नाही. अँटिव्हायरस रोज नव्यानं जुना व्हायचा. गिऱ्हाईक उठल्यावर रीस्टार्ट करायचा कंटाळा केला. त्यामुळं सकाळच्या माणसाचा उघडा ईमेल, स्कॅन केलेला दाखला दुपारच्या माणसापुढं यायचा. पुसण्याचं काम रीस्टार्टवरच होतं. तोपर्यंत सगळं जागेवरच.

स्टेडीस्टेट विंडोज ७ वर चाललं नाही. २०१० अखेर मायक्रोसॉफ्टनं ते देणं बंद केलं. आता विंडोजच्या एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत ‘युनिफाइड राइट फिल्टर’ आहे. ते बदल सहसा रॅममध्ये ठेवतं, आपण बदलली नाही तर मर्यादा १०२४ एमबी. म्हणजे जागाही बेतानंच.

सेवा केंद्र, शाळा, वाचनालय चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: गिऱ्हाइकाचं काम कुठं राहील ते आधी ठरवा, मगच डिस्क गोठवा. ‘डेस्कटॉपवर ठेवलेलं पुसलं जाईल, डी ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा’ अशी मराठी पाटी प्रत्येक पडद्याशेजारी लावा. माणूस उठला की रीस्टार्ट करा. आणि कुणाचं काम गेलंच, तर कशामुळं गेलं ते खरं सांगा.