मागच्या रांगेतली मावशी

मे महिन्यात पेडण्याला आमच्या आजोळच्या अंगणात दोन गोष्टी वाळत घातलेल्या असायच्या. एक सोलां आणि दुसरी जुने फोटो. पावसाळ्यातल्या दमट हवेने फोटोंना बुरशी धरते, म्हणून त्यांना ऊन दाखवायची आजीची पद्धत. फोटोंना ऊन सोसत नाही, सावलीतला वारा पुरतो, हे मला फार उशिरा कळले. तोवर अर्धी मंडळी फिकी पडली होती!

गेल्या वर्षी मामाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. मांडव घालायचा आणि जेवणाआधी पडद्यावर दहा मिनिटांची फिल्म दाखवायची, असे ठरले. घरात कॉम्प्युटरवर खुडबुड करणारा मी एकटाच, त्यामुळे काम साहजिकच माझ्या गळ्यात पडले. डिचोलीहून अस्नोडा, कोलवाळ करीत पेडणे गाठले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून फोटो घेऊन आलो.

या कामात मी एकदा तोंडघशी पडलो होतो. वीसेक वर्षांपूर्वी एका लग्नाची सीडी केली होती. त्या काळच्या टीव्हीसाठी चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे असे, पण ते ठिपके चौरस नसत, किंचित आडवे असत. मी फोटो बरोबर त्याच मापाला कापले आणि पडद्यावर नवरदेव आडवा फुगला. फोटो ७६८ बाय ५७६ चा करायला हवा होता, म्हणजे सारे सरळ दिसले असते. आता एचडीचा पडदा १९२० बाय १०८० आणि ठिपका चौरस. म्हटले, आता कसली अडचण?

डब्यात एक फोटो होता, गोवा मुक्त झाल्यानंतरच्या काही वर्षांतल्या चवथीचा. आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याने काढलेला, म्हणून चौरस, बाजू जेमतेम सहा सेंटिमीटर. खाली जमिनीवर पोरे, मध्ये खुर्च्यांवर आजी-आजोबा, त्यांच्यामागे पायऱ्यांवर काका-काकी आणि सगळ्यात वर, दाराच्या उंबऱ्यावर, माझ्या आईची मावशी.

आता चौरस फोटोने आडवा पडदा पूर्ण भरायचा तर त्याच्या उंचीतला ५६ टक्केच भाग दिसतो. बाकीचा वरखाली कापला जातो. सॉफ्टवेअरने नेमका मधला भाग उचलला. आजी-आजोबा ठसठशीत दिसले. मी खूश! आईला बोलावून दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली.

"मावशी खंय गेली?"

"गो आई, ती वयर उरली. पडद्यार मावना."

"फोटोंत मावली न्हय रे ती? मागीर तुज्या पडद्यार कशी मावना?"

मला उत्तर देता आले नाही. ही मावशी कोवळ्या वयात विधवा होऊन बहिणीच्या घरी आली आणि जन्मभर रांधणीच्या खोलीत राहिली. चवथीच्या नेवऱ्या, पातोळ्या, खतखते, सगळे तिच्या हातचे. फोटोसाठी हाका मारल्या तेव्हा पदराला हात पुसत उंबऱ्यापर्यंत आली, त्यापुढे आली नाही. तिचा दुसरा फोटो नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ३०० डीपीआयला स्कॅन केलेल्या त्या इवल्या फोटोत एका बाजूला फक्त ७०० ठिपके होते. ते १९२० पर्यंत ताणले की चेहरे भिजलेल्या कागदासारखे दिसत. पडद्याला डीपीआयशी देणेघेणे नसते, एकूण ठिपके किती ते महत्त्वाचे. १२०० ला स्कॅन केल्यावर २८०० ठिपके मिळाले. स्कॅनरची आपोआप धूळ पुसायची सोय बंद केली, कारण पहिल्या खेपेला तिने आजीच्या नथीतला मोतीच धूळ समजून पुसला होता. फाइल जेपेगऐवजी टिफमध्ये ठेवली आणि कडा कुठेही कापल्या नाहीत.

फोटो पडद्यापेक्षा मोठा असला की त्याच्यावरून कॅमेरा फिरवता येतो. ही रीत जुनी आहे. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९५७ मध्ये 'सिटी ऑफ गोल्ड' या लघुपटात डॉसन शहराचे जुने फोटो असेच हलते केले. पुढे केन बर्न्सने १९९० च्या 'द सिव्हिल वॉर' मालिकेत ती रीत इतकी वापरली की ॲपलच्या आयमूव्हीत त्या सोयीला त्याचेच नाव आहे. मी खाली बसलेल्या पोरांपासून सुरुवात केली, आजी-आजोबांवरून, पायऱ्यांवरून वर उंबऱ्यापर्यंत गेलो आणि मावशीपाशी थोडा जवळ सरकून थांबलो. दहा सेकंद, म्हणजे २५० फ्रेम.

मांडवात फिल्म लागली. खालच्या पोरांत मामाही होता, चड्डीची नाडी लोंबत असलेला. त्यावर हशा झाला. मग चित्र हळूहळू वर सरकू लागले आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबले. मांडवात कोणी बोलेना. मामा म्हणाला, "परत लाय रे."

परत लावले. नातवंडे विचारू लागली, ही कोण? आई सांगू लागली. फिल्म दहा मिनिटांची होती, पण त्या दहा सेकंदांवर पंगत उठेपर्यंत बोलणे चालले होते.

मित्रहो, तुमच्याकडेही असा एखादा पत्र्याचा डबा असेलच. फोटो कापण्याआधी त्याच्या चारही कडा एकदा नीट पाहा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून पाहा. कडेला कोण उभे आहे, हे सॉफ्टवेअरला कळत नाही. आई नसती तर मलाही कळले नसते.