मनगटावरचा मोजणीदार

माती परीक्षणाचा कागद हाती आला, पण त्यावरचे शब्द कळले नाहीत, तर तो घडी घालून आढ्याला खोचला जातो. नोकरीत हे मी पुष्कळ पाहिले. हल्ली घरोघरी दिसू लागलेल्या जी.पी.एस. घड्याळाचीही तीच गत होते.

आमच्या वडनेरात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे धावतात. माझी पुतणी त्यांतलीच. मुलींना ८०० मीटर धावावे लागते. मामाने तिला असे घड्याळ दिले. रोज जीव तोडून धावायची, पण वेळ काही कमी होईना. शेवटी आम्ही ओसरीवर बसून एकेक शब्द सोडवला.

"काका, पेस सुधारला म्हणजे आकडा वाढेल ना?"

"नाही बाई. एकर नांगरायला किती वेळ लागला, ते ट्रॅक्टरवाला सांगतो ना? तसा पेस म्हणजे एका किलोमीटरला लागलेली मिनिटे. ६ चे ५ झाले, की वेग वाढला."

लॅप म्हणजे एक फेरी. इंटर्व्हल म्हणजे ठरावीक अंतर जोरात धावणे, मग थोडे सावकाश चालणे, पुन्हा जोरात. मधल्या सावकाशीला रिकव्हरी म्हणतात. हा आळस नव्हे. धुऱ्यावर बैलांना दम घेऊ देतो, तसेच हे. हार्ट रेट म्हणजे मिनिटाला पडणारे हृदयाचे ठोके. २२० मधून वय वजा केले, की जास्तीत जास्त ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो. रोजचे हलके धावणे बोलता येईल इतपतच असावे. छातीत दुखले किंवा घेरी आली, तर घड्याळ काहीही दाखवो, थांबावे आणि डॉक्टर गाठावा.

आता वाटेचे शब्द. वे-पॉइंट म्हणजे घड्याळात नोंदवून ठेवलेली खुणेची जागा. ट्रॅक म्हणजे आपण चाललेली वाट. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून मोजलेली दिशा: ९० पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम.

ही जागा कळते कशी? विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ साखळीने पहिली रेघ मोजली आणि त्रिकोणांवर त्रिकोण जोडीत मोजणी उत्तरेकडे आणली. नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ साली तो आपल्या हिंगणघाटला वारला. आज सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून उपग्रह संकेत पाठवतात. निदान ४ उपग्रहांचे संकेत मिळाले, की ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून घड्याळ जागा काढते. म्हणून धावण्याआधी मोकळ्या जागी थोडे थांबावे. तरीही काही मीटरांची चूक राहतेच. ८०० मीटर एकदा टेपनेच मोजून घ्यावेत, आणि तेही महामार्गावर नव्हे, मैदानावर.

हे सांगण्याचे कारण आहे. गावातले दोन भाऊ अशाच घड्याळाने वावर मोजून धुऱ्यासाठी भांडायला उठले होते. दोन-तीन मीटर धुरा सरकल्याचे घड्याळ दाखवीत होते. मी म्हटले, "बाबांनो, तेवढी तर याची नेहमीचीच चूक. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा." त्यांनी तो केला.

मंडळी, आकडा कशाचा आणि तो किती चुकू शकतो, हे दोन्ही विचारावे. माझी पुतणी आता आठवड्यातून दोनच दिवस जोरात धावते, बाकी दिवस हलके. तिचा ८०० मीटरचा वेळ उतरू लागला आहे.