आत्याची बॅटरी

वस्तू बिघडण्याच्या बाबतीत आपली मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. दूध नासते, घड्याळ मागे पडते, पावसाळ्यात दार फुगते, नळ गळतो, रेडिओ खरखरतो, कुलूप अडते. वीज तर बिघडतच नाही. ती पाहुण्यासारखी जाते आणि येते. एवढी शब्दसंपत्ती हाताशी असताना दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढली की ती सगळी एकाच क्रियापदात कशी आटून जाते, याचे मला नेहमी नवल वाटते. ‘बोर्ड गेला.’ ‘डिस्प्ले गेला.’ ‘बॅटरी गेली.’ बस्स! वीसेक वर्षे कॉलेजात मराठी शिकवतो आहे. पण ‘जाणे’ या क्रियापदाचा इतका निर्णायक प्रयोग मला कोणत्याही ग्रंथात आढळला नाही. त्यापुढे प्रश्न विचारायची सोयच नाही. गेला म्हणजे गेला. बारावे-तेरावे आटपा आणि नवा घ्या.

गेल्या श्रावणात माझ्या आत्याचा लॅपटॉप असाच ‘गेला’.

आत्या एक्याऐंशी वर्षांची. लग्न केले नाही, पुण्यातल्या पेठेत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. १९६४ साली ती टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरीला लागली ती २००४ साली निवृत्त झाली. चाळीस वर्षे कानाला हेडफोन आणि समोर बोर्ड. माझ्या मुलाने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा जुना तिला दिला, आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाईंनी उजव्या हाताच्या एका बोटाने आपल्या आठवणी टंकायला सुरुवात केली. तीन वर्षांत एकशे बारा पाने झाली. जेवणाच्या टेबलाशी प्लग, त्यात चार्जर, चार्जरला लॅपटॉप. ती वायर रात्रंदिवस लावलेलीच असे. मग एका संध्याकाळी पावसात वीज गेली, आणि खोलीतल्या दिव्याबरोबर लॅपटॉपचा पडदाही काळा झाला. वीज आली, पडदा उजळला. पुढे तोच खेळ सुरू झाला. वायर काढली की काळोख, लावली की उजेड.

आम्ही तो घेऊन दुकानात गेलो. तिथल्या तरुणाने वायर दोनदा काढून लावली आणि तो आत्याकडे न पाहता मला म्हणाला, “काका, बोर्ड गेला. मशीन सहा वर्षांचं आहे, आता हे गेल्यातच जमा. खर्च करू नका. करायचाच असेल तर सगळं फॉरमॅट करावं लागेल.”

“म्हणजे आतलं लिखाण?”

“ते जाणारच.”

आत्या शेजारच्या स्टुलावर मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिला त्यातले अक्षरही ऐकू आले नसावे. गेली दोन वर्षे तिचे कान तिला साथ देत नाहीत. चाळीस वर्षे ज्या बाईने खरखरीतून मुंबई-नागपूरचे आवाज वेचून काढले, तिला आता शेजारच्या खोलीतली हाक पोचत नाही. कानाला यंत्र लावलेले असते, पण त्याचाही अलीकडे काही उपयोग दिसत नव्हता. मग व्हायचे तेच झाले. घरात कोणी काही सांगायचे ते तिच्या डोक्यावरून एकमेकांना सांगू लागले.

आमचा ठाण्याचा दादा, माझा चुलतभाऊ, तिच्या औषधपाण्याचा निम्मा खर्च नेमाने पाठवतो. मनाने वाईट नाही. पण हिशेबी माणूस आहे, आणि त्याने हिशेब मांडला होता. “फोन घेत नाही, हाक मारली तर बघत नाही, एक विचारलं तर सांगते दुसरं. गॅस चालू राहिला तर? अरे, तिचंही आता गेल्यातच जमा धर.” गौरी-गणपतीच्या आधीच्या रविवारी तो येणार होता. जागा विकायची आणि आत्याची एका चांगल्या वृद्धाश्रमात सोय लावायची, असे कागद त्याने तयारही करून घेतले होते. त्याला काय उत्तर द्यावे हे माझे मलाच ठरत नव्हते. गॅसची भीती काही खोटी नव्हती.

दुकानातून परत आल्यावर मी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि दुकानदाराचा निकाल एका कागदावर लिहून आत्यापुढे केला. तिने तो चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, “ते ठीक आहे. पण हा बंद होतो की याला अंधार येतो?”

माझा मुलगा माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, “दोन्ही एकच ना?”

मला मात्र तिच्या बोर्डावरच्या गोष्टी आठवल्या. ज्यांनी १८० फिरवून ट्रंक कॉल नोंदवले आहेत आणि १९८ वर तक्रारी केल्या आहेत, त्यांना त्या काळाची कल्पना येईल. १९८ वर काम करताना दर दुसरा माणूस एकच वाक्य बोले, “आमचा फोन डेड आहे.” अशी तक्रार अर्थातच शेजारच्या फोनवरून येई. आत्या त्याला सांगे, “घरी जा, रिसीव्हर उचला आणि त्यात फुंकर मारा. तुमचीच फुंकर तुमच्या कानात ऐकू येते का ते बघा.” ऐकू आली तर तारेत वीज आहे, फोन जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे कुठेतरी आहे. ऐकू आली नाही तर तारच तुटलेली असण्याचा संभव. दोन्ही फोन वरून सारखेच मुके. पण एकासाठी माणूस खांबावर चढवायचा आणि दुसऱ्यासाठी एक्स्चेंजमध्येच शोध घ्यायचा. फुंकर मारल्याशिवाय हे कळायचे कसे?

त्या तारेत वीज कुठून येई, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. घरातले दिवे गेले तरी जुना काळा फोन चालू राही, हे पुष्कळांना आठवत असेल. त्याचे कारण एक्स्चेंजमधली बॅटरीची खोली. शिसे आणि तेजाबाचे प्रत्येकी दोन व्होल्टचे चोवीस घट एकापुढे एक जोडलेले, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. सबंध शहराचे बोलणे त्या खोलीच्या जिवावर चाले. तिथला माणूस घटात काचेची नळी बुडवून तेजाबाची घनता पाही, ऊर्ध्वपातित पाणी घाली आणि वहीत आकडा लिही. आत्या म्हणते, त्या खोलीचा वास नाकात बसला की जेवण जात नसे.

तर आत्याने वायर काढायला लावली. पडदा काळा झाला. तिने लॅपटॉपच्या पोटाखाली तळवा सरकवला, आणि आईने मुलाचा ताप पाहावा तशी क्षणभर थांबली. “आत काहीतरी फिरतंय,” ती म्हणाली. पंखा होता तो. आम्हा ऐकू येणाऱ्यांना तो ऐकू आला नव्हता. मुलाने कॅप्स लॉकची कळ दाबली, तिच्यावरचा बारीक दिवा लागला. पुन्हा दाबली, विझला.

“बॅटरी आण,” आत्या म्हणाली.

“आत्याआजी, तीच तर गेलीय म्हणतात!” मुलगा कागदावर लिहायचे विसरून ओरडला.

“ती नव्हे रे, माझ्या उशाखालची!”

आपल्या घरांतून विजेरी म्हणजे बॅटरी, आणि विजेरीत घालायची तीही बॅटरी. ‘विजेरी’ हा शब्द मी वर्गात आवर्जून वापरतो. पण अंधारात चाचपडताना तो मला स्वतःलाही कधी आठवलेला नाही. मुलाने उशाखालची बॅटरी आणली. आत्याने ती काळ्या पडद्यावर समोरून न धरता एका अंगाने, तिरकी धरली. आम्ही तिघेही वाकलो. आधी काचेवरची धूळ दिसली. मग त्या धुळीच्या मागे, पाण्याखालच्या शिळेवर कोरल्यासारखी, फिकट करडी अक्षरे दिसू लागली. ‘अकरा डिसेंबरच्या पहाटे मी रात्रपाळीला’ इथवर ओळ आली होती, आणि तिच्या टोकाशी ती उभी रेघ लुकलुकत होती. पुढचा शब्द टंकायची वाट पाहत असल्यासारखी.

झाले होते ते असे. या पडद्यावरची अक्षरे स्वतः उजळत नाहीत. पडद्यात द्रवस्फटिकांचा पातळ थर असतो. तो फक्त उजेड अडवतो किंवा जाऊ देतो. उजेड असतो त्याच्या मागच्या दिव्यांचा. पूर्वी तिथे बारीक नळीदिवे असत, आता एलईडीची रांग असते. ते दिवे मंदावले किंवा विझले तरी अक्षरे जागच्या जागी असतात. आणि हे दिवे किती प्रखर ठेवायचे याचे हे यंत्र दोन वेगळे हिशेब ठेवते, एक वायर लावलेली असतानाचा आणि दुसरा बॅटरीवर चालतानाचा. बॅटरीवरचा आकडा कधीतरी कोणाच्या तरी बोटाने तळाला गेला होता, आणि काही यंत्रांत तळ म्हणजे जवळजवळ संपूर्ण काळोख. वायर कधी निघालीच नाही, म्हणून तो हिशेब कोणाच्या नजरेस आला नाही.

वरच्या ओळीत सूर्याचे चित्र असलेली एक कळ असते. मुलाने ती दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला पडदा पहाटेसारखा उजळत आला.

बॅटरीचा प्रकाश पाडूनही अक्षरे दिसली नसती, पंखा गप्प असता, कॅप्स लॉकचा दिवा लागला नसता, तर गोष्ट निराळी होती. मग बॅटरी खरोखरच निकामी, किंवा तिची जोडणी सैल. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून डगमगतो का तेही मुलाने पाहिले. पोट फुगलेले असेल तर आतली बॅटरी फुगलेली असण्याचा धोका. तेव्हा यंत्र लगेच बंद करायचे, चार्जर लावायचा नाही, आणि टोचणे-दाबणे तर मुळीच नाही. आमचा सपाट बसला.

मुलाने मग एक आज्ञा टंकून बॅटरीचा अहवालच काढला. अशी सोय यंत्रात असते हे मला नवीन होते. नवी असताना बॅटरीत एक्केचाळीस हजार मिलिवॅट-तास मावत. आता पूर्ण भरली तरी तेवीस हजारच्या आसपास. लिथियमच्या बॅटऱ्या नुसत्या वापराने म्हाताऱ्या होतात असे नाही; सदैव भरगच्च आणि गरम राहूनही होतात. म्हणून हल्ली पुष्कळ यंत्रांत ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबवण्याची सोय असते. ती आम्ही करून टाकली. आत्याने चष्मा सारखा करून दोन्ही आकडे वाचले.

“म्हणजे अर्ध्याहून जास्त आहे की!”

मुलाला आता चेव आला होता. त्याने तिला कागदावर लिहून दिले की, ही बॅटरी १९९१ साली बाजारात आली, आणि तिच्या संशोधनाबद्दल २०१९ साली तिघांना नोबेल मिळाले. त्यांतले जॉन गुडइनफ तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. आत्याने बोटांवर काहीतरी मोजले. “मला अजून सोळा वर्षं आहेत,” असे म्हणून ती चहा टाकायला उठली.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर मुलाचे लक्ष टेबलावर काढून ठेवलेल्या तिच्या कानाच्या यंत्राकडे गेले. त्याने ते उचलून चालू केले आणि दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत मिटून धरले. चालू यंत्र असे कोंडले की ते शीळ घालते. शीळ आली नाही. त्याने नवी बॅटरी घातली, तरी नाही. मग त्याने खिडकीपाशी जाऊन यंत्राच्या टोकाकडे पाहिले. बारीक छिद्र कानातल्या मळाने लिंपून गेले होते. यंत्राच्या डबीतच त्यासाठी दिलेला एक चिमुकला ब्रश होता. त्याने हलक्या हाताने छिद्र मोकळे केले आणि पुन्हा ओंजळ मिटली. इतकी बारीक, तीक्ष्ण शीळ निघाली की मी दचकलो.

ठरल्याप्रमाणे रविवारी दादा आला. आल्या आल्या सवयीने मला म्हणाला, “कशी आहे आता?”

“बरी आहे,” आत्या म्हणाली. “तुझी शुगर किती आली?”

दादा तिच्याकडे पाहतच राहिला. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि जेवणाआधीचा-जेवणानंतरचा असे दोन्ही आकडे सांगू लागला. गॅसचा विषय निघालाच, आणि निघायलाच हवा होता. ठराविक वेळाने आपोआप बंद होणारी शेगडी बसवायचे ठरले. तिच्या किमतीवरून आत्याने अर्धा तास वाद घातला. कागद दादाच्या बॅगेतच राहिले. ते त्याने फाडले आहेत असे मी म्हणणार नाही. दिवाळीनंतर बोलू, असे जाताना मला जिन्यात म्हणाला.

परवा संध्याकाळी मी गेलो तेव्हा आत्या गॅलरीत बसली होती, मांडीवर लॅपटॉप, वायर आत टेबलापाशीच लोंबत राहिलेली. कोपऱ्यातला आकडा एकसष्ट टक्के दाखवीत होता. १९६७ सालच्या त्या पहाटेपर्यंत लिखाण येऊन पोचले होते. कोयनेचा भूकंप झाला, एक्स्चेंजच्या खोलीतले दिवे गेले आणि काळोखात समोरच्या बोर्डावरचे सगळे बारके दिवे एकदम पेटले; ज्याला त्याला कराड-साताऱ्याचा कॉल हवा होता. मी म्हटले, “आत्या, अंधार पडतोय, गॅलरीतला दिवा लावू का?”

“नको, दिसतंय मला,” ती मान वर न करता म्हणाली. “तू फक्त एवढं सांग, ‘भूकंप’मधला भू दीर्घच ना?”