न उतरलेला उतार

काश्मीरमधील गुलमर्ग उन्हाळ्यात फुलांचे असते आणि हिवाळ्यात बर्फाचे. श्रीनगरपासून सुमारे 50 किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण 2650 मीटर उंचीवरील या पठारावर ब्रिटिश अधिकाऱ्यांनी 1927 मध्ये स्की क्लब स्थापन केला. लष्कराची उंच प्रदेशातील युद्धाचे शिक्षण देणारी संस्था येथे 1948 पासून आहे. 2020 पासून ‘खेलो इंडिया’ हिवाळी क्रीडा स्पर्धांमुळे तर गुलमर्गला बर्फावरील जत्रेचेच रूप येते. स्कीइंग, स्नोबोर्डिंग आणि स्की-माउंटेनीअरिंग या प्रकारांत निरनिराळ्या राज्यांचे आणि सैन्यदलांचे खेळाडू उतरतात. तंगमर्गच्या पुढे गाड्यांच्या चाकांना साखळ्या बांधाव्या लागतात, तरीही प्रेक्षक येतात. 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे उतरलेला एकमेव खेळाडू, आरिफ खान, याच परिसरातला. त्यामुळे येथील लहान मुलांच्या दृष्टीने स्की हा केवळ पाहुण्यांचा खेळ राहिलेला नाही.

एका हिवाळ्यात या स्पर्धा पाहण्यासाठी सांगलीचे एक वृद्ध दांपत्य आपल्या नातीसोबत तेथे गेले. आजोबांचे आयुष्य सांगलीच्या हळद बाजारात अडतीच्या व्यवसायात गेले. आजी गावातील स्वाध्याय मंडळाच्या नियमित सदस्य. नात पुण्यात नोकरी करणारी, सव्वीस वर्षांची; दोन हिवाळे सुट्टी काढून स्नोबोर्ड शिकलेली. आजीने दशम्या, मेतकूट आणि बिनलसणीचे भडंग बांधून घेतले होते. दिवस मावळण्यापूर्वी जेवण आटोपण्याचा घरचा नियम तेथेही मोडला नाही. बर्फ वितळवून तापवलेले पाणीसुद्धा आजी फडक्यातून गाळूनच घेत. मुक्कामाच्या ठिकाणच्या स्वयंपाक्याला पहिल्या दिवशी याचे नवल वाटले. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच फडके पुढे करू लागला.

स्पर्धांमध्ये आजीचे लक्ष वेधले ते स्की-माउंटेनीअरिंगने. यात खेळाडू आधी स्कीवरूनच डोंगर चढतात आणि मग उतरतात. चढताना स्की मागे घसरू नये म्हणून तिच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवतात. ती कशाची असते, हा आजीचा पहिला प्रश्न. पूर्वी ती सील या प्राण्याच्या कातड्याची असे. इंग्रजी नावात ती आठवण अजून शिल्लक आहे. आता ती नायलॉनची किंवा अंगोरा शेळीच्या कातरलेल्या केसांची असते, असे नातीने सांगितल्यावर त्या समाधानाने शर्यत पाहू लागल्या. हाच खेळ 2026 च्या मिलानो-कोर्तिना ऑलिंपिकमध्ये प्रथमच समाविष्ट झाला आहे.

नातीचे मन मात्र शर्यतींत नव्हते. गुलमर्गचा गंडोला दोन टप्प्यांत वर जातो. पहिला टप्पा कोंगडूरीला, सुमारे 3080 मीटरवर, संपतो. दुसरा अफरवत पर्वताच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या जवळ, नेतो. तेथून खाली ठरावीक पट्ट्यावर सुरक्षा पथकाची देखरेख असते. सीमेच्या दोराबाहेर मात्र कोणी बर्फ दाबून वाट केलेली नसते आणि धोक्याची पाटीही नसते. तो कोरा उतार उतरण्यासाठीच जगभरातून लोक येतात. नातीने वर्षभर पैसे साठवून एका स्थानिक गाईडशी एक दिवस ठरवला होता. स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचा तो बेत होता आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी परतीचे विमान.

या उतारांची दुसरी बाजूही आहे. फेब्रुवारी 2010 मध्ये खिलनमर्ग येथे हिमस्खलनात प्रशिक्षण घेणारे जवान मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी 2023 मध्ये दोन पोलिश स्कीपटू गेले. 22 फेब्रुवारी 2024 रोजी, खाली राष्ट्रीय स्पर्धा चालू असतानाच, वरच्या उतारावर एका रशियन स्कीपटूचा बळी गेला. त्या वर्षी जानेवारीत बर्फच पडला नव्हता आणि स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या.

बर्फ कमी पडणे हे अनेकदा संकटाचे मूळ ठरते. पातळ थर दिवसेंदिवस कोरड्या थंडीत राहिला की त्याचे कण एकमेकांना सोडतात आणि साखरेसारखे सुटे होतात. त्यावर पुढे जोराचा बर्फ पडला की वरची घट्ट लादी अशा रव्यावर तोलून राहते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर माणसाचा भार पडताच ती तुटते. प्राणघातक अपघातांतील दहापैकी सुमारे नऊ लाद्या त्यात सापडलेल्यानेच किंवा त्याच्या सोबत्याने मोडलेल्या असतात. गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा वाचतो. पुढे आशा झपाट्याने मावळते. म्हणून दोराबाहेर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संदेश देणारे यंत्र, शोधकाठी आणि फावडे असावेच लागते.

ठरलेल्या दिवशी आकाश निरभ्र होते. आजी-आजोबा कोंगडूरीला थांबले. नात आणि गाईड वर गेले. बोर्ड पाठीवर घेऊन ते कड्याने अर्धा तास चालले. उताराच्या तोंडाशी गाईडने फावड्याने कमरेएवढा खड्डा खणला, बर्फाचा एक चौकोनी स्तंभ मोकळा केला आणि त्यावर फावडे आडवे ठेवून थापा मारू लागला. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, शेवटी खांद्यातून दहा, अशी ही रीत आहे. कोपराच्या तिसऱ्या थापेलाच वरचा भाग सुरीने कापल्यासारखा सरकून खाली आला. त्याखालचे दाणे गाईडने नातीच्या तळहातावर ठेवले. तिने मूठ आवळली. गोळा झाला नाही.

“बर्फ सुंदर आहे,” तो म्हणाला, “पण आज हा उतार नको.”

त्याच वेळी दुसरी एक चौघांची तुकडी आली. त्यांनी खड्ड्याकडे एकवार पाहिले आणि एकामागून एक ते उतरले. चौघेही सुखरूप खाली पोहोचले. दऱ्यांतून त्यांच्या आनंदाच्या आरोळ्या वर येत राहिल्या. नात आणि गाईड आल्या वाटेने परतले आणि देखरेखीच्या पट्ट्यावरून कोंगडूरीला आले.

नातीच्या डोळ्यांत पाणी होते. साठवलेले पैसे, संपलेली सुट्टी, पुढच्या वर्षीचा नसलेला भरवसा या सगळ्यांपेक्षा तिला खुपत होते ते त्या चौघांचे हसू. “ते उतरले, आजोबा. काहीच झाले नाही. मग आमचा गाईड चुकलाच ना?”

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अगं, पेढीवर एखाद्याला उधारी नाकारली आणि पुढे तो दुसऱ्याचे पैसे वेळेवर फेडून मोकळा झाला, तर मुनीम म्हणायचे, शेटजी, गिऱ्हाईक गेले. पण त्या दिवशी समोर जे कागद होते ते कच्चेच होते. पुढे काय झाले ते पाहून मागचा निर्णय तोलायचा नसतो. नाही तर माणूस एकदा नशिबाने वाचतो आणि त्यालाच शहाणपण समजतो.”

आजोबांना ठाऊक नसेल, पण हिमस्खलनाच्या अभ्यासकांचेही म्हणणे हेच आहे. इयन मॅकॅमन यांनी अमेरिकेतील सातशेहून अधिक अपघातांच्या नोंदी तपासल्या. धोक्याची चिन्हे डोळ्यांसमोर असताना, प्रशिक्षण घेतलेले लोकसुद्धा उतारावर गेल्याचे त्यांना आढळले. उतार ओळखीचा होता, बेत आधीच पक्का झाला होता, बरोबरचा माणूस जाणकार वाटत होता, किंवा इतर लोक पुढे जाताना दिसत होते. कोऱ्या बर्फाची संधी पुन्हा येणार नाही, ही घाई तर होतीच. अज्ञानापेक्षा अनवधानानेच अधिक घात केला होता.

या अनवधानाला आपल्या परंपरेत नेमका शब्द आहे: प्रमाद. कर्मबंधाच्या कारणांत मिथ्यादर्शन आणि अविरती यांच्यानंतर, कषाय आणि योग यांच्या आधी, त्याची गणना होते. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करतानाही उमास्वामींनी प्राणघाताच्या आधी प्रमाद ठेवला आहे. आचार्य कुंदकुंदांचा ‘प्रवचनसार’ त्याही पुढे जातो. दोष ठरतो तो जीव मेला की वाचला यावरून नव्हे, तर वागणाऱ्याच्या ठायी यत्नाचार होता की नाही यावरून. पायाखाली मुंगी आली नाही म्हणून न पाहता चालणारा निर्दोष ठरत नाही. ईर्यासमिती पाळणारा साधू चार हात पुढची जमीन पाहत चालतो. प्रत्येक पावली तेथे जीव सापडतोच असे नाही. त्याचे पाहणे वाया गेले, असे मात्र कोणी म्हणत नाही.

आजीने नातीला एवढे शास्त्र सांगितले नाही. त्यांनी डब्यातली दशमी तिच्या हातावर ठेवली आणि विचारले, “त्या चौघांनी खड्डा खणला होता का?”

“नाही.”

“मग ते वाचले, आणि तू जपली गेलीस. दोन्ही एकच आहे का, ते सावकाश ठरव.”

संयमाचा एक अवघड भाग असा की, त्याचा पुरावा मागे राहत नाही. घडलेला अपघात बातमी होतो. टळलेला अपघात कोणालाच दिसत नाही, कदाचित तो होणारही नव्हता. दुकानात, गाडी चालवताना, औषधाची बाटली उघडताना, रागाच्या भरात संदेश पाठवण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबतो, तेव्हा त्या थांबण्याची टाळी कोठेच वाजत नाही. उलट, न थांबता सुखरूप गेलेले लोक शेजारीच हसत असतात. अशा वेळी आपले थांबणे योग्य होते, हे बाहेरच्या कोणत्याही साक्षीशिवाय स्वतःशी मान्य करावे लागते. नातीला त्या दुपारी जड गेले ते हेच.

संध्याकाळी गाईड मुक्कामी आला. ठरलेला उतार झाला नाही म्हणून त्याने अर्धे पैसे परत देऊ केले. त्याच्या घरी शाळेत जाणारी तीन मुले होती आणि हिवाळ्याचे मोजके आठवडेच त्याच्या कमाईचे होते. ‘नको’ म्हणण्याची किंमत त्याने स्वतःच्या खिशातून भरण्याची तयारी ठेवली होती. नातीने नोटा हातात घेतल्या, क्षणभर पाहिल्या आणि त्याच्याच हातात परत ठेवल्या. खड्डा खणायला आपल्यालाही शिकवशील का, एवढेच तिने विचारले. दिवस मावळायला थोडा अवकाश होता. तो म्हणाला, अंगणात बर्फ आहे, फावडे घेऊन या.