बॅलार्ड बंदराच्या दारांत

आपल्या बीड जिल्ह्यांतील मुलास "पुष्कळ पाणी कोठें पाहिलेंस?" असें विचारलें, तर तो बहुधा माजलगांवच्या धरणाचें नांव सांगतो. मुंबईच्या बॅलार्ड पिअर या बंदरास मोठमोठीं प्रवासी जहाजें लागतात. त्यांपैकीं एक पाहण्याचा योग मला गेल्या नाताळच्या सुटींत आला. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी त्या जहाजाच्या भटारखान्यांत नोकरीस होता.

बंदरासमोरची बॅलार्ड इस्टेट ही पेठ पूर्वीं समुद्रच होती. १९१४ सालीं पुऱ्या झालेल्या अलेक्झांड्रा गोदीच्या, म्हणजे आतांच्या इंदिरा गोदीच्या, खोदकामांत निघालेली माती व दगड भरून ती जमीन तयार झाली. गेटवे ऑफ इंडियाचा आराखडा करणारे जॉर्ज विटेट यांनींच या पेठेचीही आखणी केली. इमारती सगळ्या सारख्या उंचीच्या, दगडी व गंभीर. येथूनच १९२८ पासून वर्षांतील कांहीं महिने पेशावरची फ्रंटियर मेल विलायतेचें टपाल घेऊन सुटत असे. २०२५ च्या सप्टेंबरांत बंदरावर नव्या क्रूझ टर्मिनलचें उद्घाटन झालें.

परंतु जहाजांतून उतरलेले उतारू या सुंदर पेठेंत पांच मिनिटेंही थांबले नाहींत. बसगाड्यांत बसून ते थेट गेटवे पाहण्यास गेले. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, "जहाज येतं, गिऱ्हाईक येत नाही."

माझ्या विद्यार्थ्यास तीन तासांची रजा होती. मला आंत प्रवेश नव्हता, म्हणून आम्ही फाटकासमोरच्या एका पायरीवर बसलों. पहिला पाऊण तास तो फोनवर आईशींच बोलत होता. पूर्वीं तो कॅरिबियन समुद्रांतील जहाजांवर होता, म्हणून जमैका बेटावरील फालमथ या बंदराविषयीं मीं त्यास मोठ्या उत्सुकतेनें विचारलें. गुलामांच्या श्रमानें पिकविलेल्या उसाची साखर एके काळीं त्या गांवांतून विलायतेस जात असे. २०११ पासून तेथें प्रचंड प्रवासी जहाजें लागतात. तो हंसला. "सर, गाव पाहिलं ते कुंपणाच्या आतूनच. उतरलो की फोन लागेल अशी जागा शोधायची, अन् परत. पण ऊस म्हणाल तर तो मला ठाऊक आहे."

ठाऊक असणारच. दिवाळीच्या सुमारास याचे आईबाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांतील कारखान्यांकडे जात व हा आजीपाशीं राही. मुकादमाची उचल फेडतां फेडतां त्यांचीं वर्षें गेलीं. आतां आई घरीं असते आणि हा सलग आठ महिने बाहेर. याच्याही डोक्यावर कर्ज आहे, जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या एका दलालास दिलेल्या रकमेचें.

पालकहो, हा शेवटला तपशील मीं मुद्दाम लिहिला. जहाजावरील कामगारांच्या हक्कांविषयींचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानें २०१५ मध्यें स्वीकारला. आचारी व वाढपी हेही त्यांत येतात. नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून दलाली घेण्यास त्या करारानें बंदी आहे. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट व खलाशाची पुस्तिका एवढ्यांचाच खर्च त्याच्यावर टाकतां येतो. भरती करणारी संस्थाही सरकारच्या नौवहन महासंचालनालयाकडे नोंदलेली असावी लागते.

हें मीं त्यास सांगितलें, तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, अजून चार हप्ते आहेत," आणि घड्याळ पाहून उठला.