जबल शम्सचा चढ आणि काळा प्लग

मस्कतमध्ये मे ते सप्टेंबर मोटारसायकल चालवणं म्हणजे तापल्या तव्यावर बसणं. त्यामुळे माझी जुनी, एका सिलिंडरची गाडी ते पाच महिने जिन्याखाली झाकलेली असते. नोव्हेंबरात हवा सुखावली की मग तिला बाहेर काढायची.

यंदा काढली तेव्हा गाडी चोक ओढला तरच चालू राही. चोक आत ढकलला की बंद! वादी कबीरमध्ये सांगलीकडचा एक मेकॅनिक भेटला. "साहेब, चोकवर सुधारते ना? मग पेट्रोल कमी पडतंय," तो म्हणाला. फ्लोटच्या वाटीत पेट्रोल तसंच राहिलं होतं. ते उडून गेलं आणि मागे उरलेल्या चिकट थराने स्लो जेटचं बारीक भोक बुजलं. जेट साफ केल्यावर गाडी एका किकमध्ये सुरू झाली. निघताना त्याने बजावलं, "चोकवर सुधारली तर पेट्रोल कमी, बिघडली तर जास्त. आणि प्लग बघितल्याशिवाय कार्बोरेटर उघडू नका."

पुढच्याच शुक्रवारी पहाटे सौ.ला मागे बसवून निघालो. फंजा, समाईलची खिंड आणि मग सुमारे १६० किलोमीटरवर निझवा. सतराव्या शतकातल्या किल्ल्याचा तो प्रचंड गोल बुरूज पाहिला, खजूर आणि कहवा घेतला. अल हमरावरून घूल गाव मागे टाकलं आणि जबल शम्सचा चढ लागला.

अर्ध्याहून जास्त चढल्यावर गाडी गुदमरू लागली. अर्धा एक्सिलरेटर दिला की गचके, मागे काळसर धूर, कच्च्या पेट्रोलचा वास. जुनंच दुखणं उलटलं असं समजून मी चोक ओढला, तर इंजिन बंदच पडलं! ऐन वळणावर गाडी मागे सरकायला लागली, एका बाजूला नुसती दरी. मी ब्रेक दाबून धरला. सौ.ने उतरून चाकामागे दगड लावला आणि एवढंच विचारलं, "परत फिरायचं का?"

तेव्हा मेकॅनिकचं वाक्य आठवलं. इंजिन जरा निवल्यावर प्लग काढला. काजळीने काळाकुट्ट! म्हणजे या वेळी पेट्रोल जास्त होत होतं. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. इथला रस्ता जवळजवळ २००० मीटरवर जातो. तिथे हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने विरळ असते, पण जेटचं भोक मात्र मस्कतच्या हवेला बेतलेलं. हवा घटली तरी पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही.

एअर फिल्टर उघडला तर तोही धुळीने भरलेला, म्हणजे होती ती हवासुद्धा अडत होती. फिल्टर झटकला, प्लग पुसला. नीडलची क्लिप एक खाच वर घेऊन पेट्रोल कमी करावं, असा मोह झाला. पान्यापर्यंत हात गेलाही होता, पण आवरला. वर तशी दुरुस्ती करून तीच गाडी मस्कतला उतरवली असती, तर दाट हवेत पेट्रोल अपुरं पडून इंजिन तापलं असतं, कदाचित पिस्टनही धरला असता.

खालच्या गिअरमध्ये, एक्सिलरेटर बेताने देत, हळूहळू वर पोचलो. समोर वादी नखरची ती खोल घळ. कठड्याशी दोघं बराच वेळ काही न बोलता उभे होतो.

परतीला निझवा येईपर्यंत गाडी आपोआप पहिल्यासारखी पळायला लागली. मी एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणाकडे अशी जुनी गाडी असेल, तर उन्हाळ्यापूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करून फ्लोटची वाटी रिकामी करा. डोंगरावर जाण्याआधी फिल्टर बघा. आणि गाडी अडलीच, तर पाना काढण्यापूर्वी आपण किती उंचीवर आहोत, याचा विचार करा. सौ. मात्र अजून सांगते की त्या दिवशी गाडी तिच्या दगडाने वाचवली. तेही खोटं नाही!