बोंड, मान, अंग

मल्लखांबाला मान आहे, अंग आहे आणि मानेवर डोक्यासारखं गोल बोंड आहे. शिकवणारे हीच नावं वापरतात. ‘मानेला धर’, ‘बोंडावर बस’. हात तेवढे त्याला नाहीत. ते आपण न्यायचे.

जमिनीवर उंची साधारण साडेआठ फूट. जात सागवानी किंवा शिसवी. बुंध्याशी घेर 55 सेंटीमीटरच्या आसपास, मग वर निमुळता होत मानेशी पंजात मावेल इतका. रंग मूळचा कुठला ते जुन्या खांबावर ओळखता येत नाही. वर्षानुवर्षं एरंडेल पिऊन तो काळपट तपकिरी झालेला असतो. हे तेल तळहाताने वरून खाली चोळायचं. अंग घसरायला हवं, पण सोलपटायला नको, आणि पकडही सुटायला नको, हा मेळ घट्ट, चिकट एरंडेलच घालतं. माझ्या शाळेच्या सदऱ्यांना तो वास धुऊनही राहायचा. आईने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

हा मूळचा पहिलवानांचा सोबती. मल्लाचा खांब म्हणून मल्लखांब. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लांच्या सरावाच्या खांबाचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नव्याने उभं केलं. कुस्तीत जोडीदार दमतो, घरी जातो. खांब उभाच असतो, कितीही वेळ आवळा. म्हणून अढी, बगली, तेढी ही त्याच्यावरची नावं ऐकताना कुस्तीच्या पकडीच आठवतात.

माझी पहिली साधी अढी तिसऱ्या आठवड्यात लागली. सलामी केली, हाताने खांब बगलेत आवळला आणि पाय वर फेकले. दोनदा ते तसेच खाली आले. तिसऱ्या वेळी मांड्यांमध्ये लाकूड आलं आणि जग उलटं झालं. ‘हाताने ओढू नकोस, मांडी दाब,’ सर खालून म्हणाले. मांडी दाबली. गाल खांबाला टेकलेला, रक्त डोक्यात, आणि इतक्या जवळून लाकडाच्या रेषा दिसत होत्या की त्यांतली एक बारीक भेग मला आजही आठवते. रात्री मांडीच्या आतल्या बाजूला जांभळे डाग उठले. ते मी मित्रांना दाखवत फिरलो.

तेव्हा कळलं नव्हतं, ते आता चाळिशीत कळतं. आपण व्यायाम म्हटलं की चालायला निघतो. चालणं उत्तमच, त्याने हृदयाचं आणि श्वासाचं भलं होतं. पण जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायामही सांगते, आणि तो अर्धा भाग आपण सोडून देतो. पाणी ओढायचं नाही, जात्यावर दळायचं नाही, झाडावर चढायचं नाही. मग पंजा, खांदा, पाठ यांना काम उरतच नाही. मल्लखांब नेमका तिथे हात घालतो. वजन दुसरं कुठलं नाही, आपलंच. ते पोटाने, पाठीने, मांड्यांनी आणि बोटांनी एकाच वेळी पेलायचं. स्नायू असे ओढले गेले की हाडांवरही ताण येतो, आणि वाढत्या वयात त्या ताणानेच हाडं घट्ट होतात. शरीराचा इतका भाग एका दमात कामाला लावणारं दुसरं साधं साधन मला माहीत नाही. ते गावोगावच्या शाळेच्या पटांगणात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलामुलींनाही मल्लखांब शिकवला. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. ज्याची ओळख मुळात कातडीने होते, त्याच्याशी डोळ्यांवाचूनही सलगी होते.

अशीच एक मुलगी मी एका संध्याकाळी दुसऱ्या एका मैदानावर पाहिली. नऊ-दहा वर्षांची. तिने तळहाताने बुंधा चाचपला, कपाळाला हात लावला आणि सरसर वर गेली. मानेशी थांबली. एक पाय वर घेऊन अंगठ्याने बोंड शोधलं, त्याची गोलाई एकदा फिरून तपासली. मग टाच टेकवली, दुसरं पाऊल शेजारी आणलं, गुडघे सरळ केले आणि दोन्ही हात सोडले.